टेबल आधी की मशीन?

देडतलाईहून भाच्याचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "मावसाजी, तुमच्या बाबांचं टेबल किती उंच होतं हो?"

देडतलाई कुठे आली, हे गोव्यातल्या वाचकांना आधी सांगायला हवं. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी खेटून हे गाव आहे. बऱ्हाणपूरहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि धारणी म्हणजे अमरावती जिल्ह्यातला मेळघाट. आमच्या सौ.चं माहेर भुसावळचं, सासरे रेल्वेत होते. तिची थोरली बहीण तिकडे दिलेली. त्यामुळे वास्कोहून गोवा एक्स्प्रेसनं भुसावळला उतरायचं, तिथून बऱ्हाणपूर आणि पुढे बस, हा प्रवास लग्नापासून माझ्या नशिबी आहे. एका बाजारात मराठी, हिंदी, निमाडी आणि कोरकू अशा चार भाषा कानावर पडतात. आपल्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोकणी, मराठी, कानडी, हिंदी आणि पर्यटकांचं इंग्रजी ऐकू येतं, तसंच काहीसं.

साडूंचा हा धाकटा मुलगा चार वर्षं बऱ्हाणपुरात एका फ्रेमवाल्याच्या हाताखाली शिकला. आता गावातच स्वतःचं दुकान टाकायचं म्हणतो. आणि त्याला माझी आठवण झाली ती मी सरकारी कचेरीत कारकून आहे म्हणून नव्हे (तेही एक कारण होतंच, ते पुढे येईल), तर माझे वडील म्हापशाला तसबिरी मढवायचे म्हणून.

'मढवणं' हा शब्द मला फार आवडतो. मृदंग मढवतात, देवाचा मुखवटा चांदीनं मढवतात आणि तसबीर मढवतात. हल्ली सगळेच 'फ्रेम करून द्या' म्हणतात. बाबांच्या दुकानाच्या पाटीवर मात्र शेवटपर्यंत 'येथे तसबिरी मढवून मिळतील' असंच होतं.

हा धंदा वाटतो तितका जुना नाही. भिंतीवर टांगायला घरोघरी चित्रं आली, तेव्हा मढवणारे आले. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती देशभर पोचल्या. १९७२ साली तो छापखाना आगीत गेला, पण तोवर देव्हाऱ्यातला देव भिंतीवर येऊन स्थिरावला होता. कागदावरचा देव उघडा ठेवला तर दोन पावसाळ्यांत कसर लागणार, म्हणून काच आली, काचेला धरून ठेवायला पट्टी आली, आणि पट्टी कापणारा माणूस बाजारात दुकान मांडून बसला. आमच्या गोव्यात तर त्याला दुहेरी गिऱ्हाईक. सकाळी कुणी मंगेशीची तसबीर घेऊन यायचा, दुपारी कुणी 'शेवटच्या भोजना'ची. बाबा दोन्ही तसबिरींना एकच पट्टी लावायचे आणि एकच दर घ्यायचे.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. बाबांचं टेबल नव्हतंच! म्हणजे एक होतं, ते पुढे सांगतो. पण पस्तीस वर्षांतलं निम्म्याहून जास्त काम त्यांनी जमिनीवर बसून केलं. खाली सुतारी ओंडका, समोर पंचेचाळीस अंशाच्या खाचा पाडलेली लाकडी पेटी, उजव्या हातात बारीक दातांची करवत, आणि पट्टी धरायला पाय. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत पट्टीचं दुसरं टोक अशी काही पकडायचे की शिकंजा झक मारील. आपल्याकडचे कितीतरी कारागीर असेच काम करत आले. सुतार, चांभार, बुरूड, सोनार सगळे बसून. पाय हा आपला तिसरा हात. युरोपातल्या सुताराला उंच बाक लागतो, त्याला लोखंडी शिकंजा लागतो, कारण तो उभा राहतो आणि त्याचे पाय बुटात असतात. आपल्याला दोन्हीची गरज पडली नाही.

ह्याची किंमत मात्र शरीर देतं. साठीला आल्यावर बाबांना जमिनीवरून उठता येईना. दुकानाच्या तुळईला त्यांनी एक सुंभाचा दोर बांधून घेतला होता, त्याला धरून उठायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, पट्ट्या टांगायला बांधलाय.

भाच्यासमोरचा प्रश्न असा होता. मुद्रा योजनेतून (२०१५ साली सुरू झाली ती) 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तेवढं त्याला मंजूर झालेलं. त्याला आधी मी पीएम विश्वकर्मा योजनेचंही पाहायला सांगितलं होतं. २०२३ साली आलेल्या त्या योजनेत अठरा व्यवसाय आहेत, सुतार आहे, कुंभार आहे, शिंपी आहे, फुलांचे हार करणाराही आहे. फ्रेमवाला नाही. म्हणजे फोटोला हार घालणाऱ्याची सोय आहे, फोटो मढवणाऱ्याची नाही! कारकुनाच्या नजरेला असल्या गोष्टी पटकन दिसतात. असो.

तर पन्नास हजार हातात, आणि एका विक्रेत्यानं त्याच्या डोक्यात भरवलेलं की विजेवर चालणारं दुहेरी पात्याचं कटिंग मशीन घे, बाकी सगळं आपोआप होईल. मशीनलाच कर्जाच्या निम्म्याहून जास्त रक्कम जाणार. मग पट्टीचा माल, काच, हार्डबोर्ड. टेबलासाठी काहीच उरत नव्हतं. "जमिनीवर बसून करीन की, उस्ताद तसंच करतात," असं त्याचं म्हणणं.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा आम्ही दोघांनी त्या गाळ्यात बसून हिशेब मांडला. गाळा दहा बाय चौदा फुटांचा. दर्शनी बाजू दहा फुटांची, रस्त्याकडे. खाली शहाबादी फरशी.

पहिला हिशेब पट्टीचा. पट्टी नऊ-दहा फूट लांब येते, मग ती सागाची असो वा हल्लीची प्लॅस्टिकची. बारा बाय अठरा इंचाच्या फोटोला किती पट्टी लागते? परिमिती साठ इंच. पण कोपरे तिरके कापायचे, त्यामुळे प्रत्येक टोकाला पट्टीच्या रुंदीइतकी लांबी वाढते. टोकं आठ. म्हणजे परिमिती अधिक रुंदीच्या आठपट. एक इंची पट्टी असेल तर अडुसष्ट इंच. दहा फुटांच्या पट्टीतून एक फ्रेम निघते आणि बावन्न इंच उरतात, ते लहान फोटोसाठी ठेवायचे. हा हिशेब बाबा भिंतीवर खडूनं करायचे. गणितात मला जी काही गती आहे ती त्या भिंतीमुळे.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दहा फुटी पट्टी कापायला जागा किती लागते. कापण्याच्या जागेच्या एका बाजूला पूर्ण पट्टी मावली पाहिजे, नाहीतर पट्टीचं टोक भिंतीला टेकतं, पट्टी वाकते आणि कोन बिघडतो. आम्ही फरशीवर खडूनं आखलं. चौदा फुटांच्या भिंतीला लागून डावीकडे दहा फूट, मशीनला दीड, उजवीकडे अडीच. बरोबर चौदा! भाचा खूश. मी म्हटलं, थांब, ही दहा फूट पट्टी हवेत राहणार का? तिला आधार द्यायला मशीनच्याच उंचीचा अरुंद बाक लागेल. म्हणजे मशीन घेतलीस तरी बाक आलाच.

दुसरा हिशेब कोनाचा. चार कोपऱ्यांना आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची तूट साचते, आणि एक इंची पट्टीच्या कोपऱ्यात अडीच मिलिमीटरची फट पडते. ती फट मेणानं किंवा रंगवलेल्या लांबीनं बुजवणारे फ्रेमवाले आपण पाहिलेत. भाचा म्हणाला, "म्हणून तर मशीन हवी." बरोबर आहे. चांगली मशीन कोन सांभाळते. डेन्मार्कच्या मॉर्सो कंपनीचं पायानं चालणारं यंत्र जगभरच्या फ्रेमवाल्यांना ठाऊक आहे. त्यात काटकोनात बसवलेली दोन पाती खाली येतात आणि पट्टीतून व्ही आकाराचा तुकडा काढून दोन्ही टोकं एकदम कापतात. तशी यंत्रं आता आपल्या देशातही बनतात. वीज लागत नाही, आवाज नाही, भुसा नाही. देडतलाईत मी होतो त्या चार दिवसांत तीनदा वीज गेली, त्यामुळे मला पायाचं यंत्रच योग्य वाटलं. अडचण एकच. हल्लीच्या ठिसूळ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे त्यात टवके उडू शकतात, त्यांना फिरतं पातंच बरं पडतं. आणि खेड्यात जास्त खपते ती हीच सोनेरी नक्षीची प्लॅस्टिकची पट्टी. सागाला पैसे कोण देणार?

सागाचं पाहा कसं आहे. मेळघाटाचं साग ह्या गावापासून हाकेच्या अंतरावर. आजूबाजूच्या डोंगरांत साग आणि सालई. सालईच्या लाकडावर तर जवळच्या नेपानगरचा कागद कारखाना उभा राहिला, भारतातला वर्तमानपत्राच्या कागदाचा पहिला कारखाना, १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला. शाळेतून आल्यावर मी बाबांच्या दुकानात जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं काचा पुसायचो. त्यातले काही कागद ह्याच रानातून आले असतील, असा विचार बसमध्ये मनात आला. तर दाराशी इतकं साग असून गावातला पोरगा फ्रेमला प्लॅस्टिक लावणार, कारण सागाच्या लाकडाला वाहतूक परवाना लागतो, ते परवानाधारक वखारीतूनच घ्यावं लागतं आणि भाव परवडत नाही. जंगल राखायचं तर हे आलंच. माझी तक्रार नाही.

हिशेब इथवर आला होता. मशीन घ्यायची की टेबल करायचं हे ठरत नव्हतं. साडूभाऊ मध्येच येऊन म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं करेल तो." मला हे आवडत नाही. धंदा त्याचा, कर्ज त्याचं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुकान अजून उघडलं नव्हतं, पण पाटी रंगवून झालेली, त्यामुळे लोक डोकावत होते. एक कोरकू म्हातारी आली. पदराच्या गाठीत प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटो. तिच्या मुलाचा. आधारकार्डावरचा फोटो कुणीतरी मोठा करून दिलेला, धुरकट, डोळे ताठरलेले. त्या भागात अनेक घरांत गेलेल्या माणसाचा तेवढाच फोटो असतो, सरकारनं काढलेला. भाच्यानं तो घेतला आणि सवयीनं समोर फरशीवर ठेवला, मोजपट्टी काढली, पाय पसरून बसला. म्हातारी काही बोलली नाही. वाकली, फोटो उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "इथेच मोज."

त्यानं तिच्या मांडीवर मोजला.

कोरकू लोकांत मृतासाठी सागाची कोरीव फळी उभारायची जुनी रीत आहे. तिला 'मुंडा' म्हणतात. तिच्यावर घोडेस्वार कोरलेला असतो, वर चंद्र-सूर्य. सिडोली नावाचा विधी करून मृताला पूर्वजांत सामील करून घेतात तेव्हा तो उभारतात. कोरणारा माणूस वेगळा, रीत वेगळी. ज्या घरात लाकडावर मृताची आठवण कोरायची सवय आहे, त्या घरातून आलेल्या बाईनं फोटो पायापाशी ठेवू दिला नाही ह्यात मला नवल वाटलं नाही.

आणि मला बाबांचं टेबल आठवलं. त्यांच्याकडे एक टेबल होतं म्हटलं ते हे. म्हापशातल्या एका ख्रिस्ती घरातून जुनं जेवणाचं टेबल त्यांनी विकत घेतलं होतं, शिसवी, खूप जड. करवत, हातोडी, चुका मारणं हे सगळं खाली. पण चित्र हातात घ्यायची वेळ आली की बाबा दोर धरून उठायचे, हात धुवायचे आणि टेबलापाशी उभे राहायचे. काच ठेवणं, चित्र ठेवणं, पाठीमागे पुठ्ठा लावणं, चिकटपट्टी ओढणं, सगळं टेबलावर. लहानपणी मला वाटायचं की उजेड तिथे चांगला आहे म्हणून. उजेडही होताच. पण देवाचं चित्र आणि माणसाचा फोटो पायाशी येता कामा नये, एवढं साधं त्यामागे होतं. ज्या पायानं पट्टी धरली त्या पायाजवळ फोटो ठेवायचा नाही.

संध्याकाळी भाच्यानंच विषय काढला. "मावसाजी, मशीन नंतर घेऊ. आधी टेबल करू." मी मान डोलावली. मग आम्ही खऱ्या अर्थानं टेबल करायला बसलो, आणि मला सांगायला हरकत नाही की ह्या दोन दिवसांत मजा आली. फायलींत असली मजा नाही.

लांबी-रुंदी आधी. हार्डबोर्डचा पूर्ण ताव आठ बाय चार फुटांचा. तेवढं टेबल त्या गाळ्यात मावणार नाही. मग ताव बऱ्हाणपुरातूनच मधोमध कापून आणायचा ठरलं, म्हणजे चार बाय चारचे दोन. भिंतीलगतच्या बाकाला दोन फूट धरले, तर उरतात आठ. दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटांची वाट सोडली की टेबलाला साडेतीन फूट रुंदी मिळते. लांबी पाच. हाताची पोच अडीच फूट धरली तर दोन्ही बाजूंनी मधलं सगळं गाठता येतं. टेबल भिंतीला लावायचं नाही, मध्ये ठेवायचं. मोठी काच फिरवण्यापेक्षा माणसानं टेबलाभोवती फिरलेलं बरं.

उंचीवर वाद झाला. सुताराचं म्हणणं तीस इंच, कारण सगळी टेबलं तीस इंच असतात. तीस इंच ही बसून लिहायची उंची, माझ्या कचेरीतल्या टेबलाची. उभ्यानं काम करायचं तर हात सरळ खाली सोडून तळवा आडवा केला की जिथे येतो तिथे किंवा किंचित वर टेबलाचा माथा हवा. भाच्याच्या बाबतीत तो चौतीस इंचांवर आला. जास्त उंच केलं तर काच कापताना हिऱ्यावर वरून सारखा दाब देता येत नाही, रेघ मध्येच सुटते, आणि एकदा ओढलेल्या रेघेवरून दुसऱ्यांदा हिरा ओढला की त्याचं पातं बिघडतं, काचही वेडीवाकडी तुटते. सौ.नं ह्यावर स्वयंपाकघरातून टिप्पणी केली. आपल्याकडे चूल जमिनीवरून ओट्यावर आली तेव्हा बायका उभ्या राहिल्या खऱ्या, पण ओट्याची उंची ठरवली गवंड्यानं. तिच्या बहिणीच्या ओट्यावर पोळी लाटायला पाट ठेवून उभं राहावं लागतं. सुतारानं हे ऐकलं आणि चौतीस मान्य केले.

पाय आणि चौकट सागाची. नवीन साग घेणं शक्यच नव्हतं. पण साडूंच्या जुन्या घराची पडवी उतरवली तेव्हाच्या तुळया गोठ्यात पडून होत्या. साठेक वर्षं वाळलेलं लाकूड, आता त्यात काय हलायचं राहिलंय? तरीही सांध्यांना नुसता फेविकॉल नको, नट-बोल्ट घाल म्हटलं. मेमध्ये तिथे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. लाकूड आकसतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून तर वाळलेल्या हवेत फ्रेमचे कोपरे आतल्या बाजूनं उघडतात आणि आपल्या गोव्यातल्या पावसाळ्यात बाहेरच्या बाजूनं. टेबलाचे सांधे दरवर्षी उन्हाळ्यात आवळता आले पाहिजेत. खाली वाळवी आहेच, त्यामुळे पाय दगडी ठोकळ्यांवर.

साडूंची इच्छा होती की वाड्याचं जुनं दारच आडवं टाकावं. दिसायला झकास! पण दाराला नक्षीच्या चौकटी, उंच-सखल. काचेखाली पोकळी आली की काच दाबाखाली तडकते. त्यामुळे माथ्याला १९ मिलिमीटरचा प्लाय. तो सपाट बसलाय का हे पाहायला बाबांची युक्ती केली. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणून फुलीसारख्या बांधायच्या. मध्यावर एकमेकींना जेमतेम टेकल्या तर माथा सपाट. पहिल्यांदा एक दोरी दुसरीला दाबत होती. एका पायाखाली पत्र्याची पाचर घातली, मग जमलं. भाचा हे पाहून म्हणाला, "उस्तादला नाही माहीत हे." मला जरा अभिमान वाटला, तो मी दाखवला नाही.

माथ्यावर काय अंथरायचं? इथे बाबांचा नियम कडक होता. काचेची घोंगडी वेगळी आणि चित्राची चादर वेगळी. काच कापली की बारीक कचकोळ कापडात अडकतं, आणि तेच कापड चित्राखाली आलं की चित्राला ओरखडा. बाबांची घोंगडी काळी होती, चादर गर्द निळी. दोन्ही गडद, कारण पुसलेल्या काचेवर राहिलेला धागा, केस, बोटाचा ठसा गडद कापडावरच दिसतो. भाच्याकडे तपकिरी घोंगडी आणि हिरवी चादर आहे. घोंगडी रोज संध्याकाळी दुकानाच्या मागे नेऊन झटकायची, पुढे रस्त्यावर नाही. लोक अनवाणी चालतात.

पंखा टेबलाच्या बरोबर वर होता. तो तिथून हलवला. काच आणि चित्र एकत्र बंद करताना पंखा बंद करावा लागतो, नाहीतर भुसा आत जातो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. मे महिन्यात पंखा बंद करून काम करायचं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. आता पंखा मागच्या बाकावर आहे. कापाकापी तिथे, बंद करणं पुढे.

चित्र काचेला चिकटू द्यायचं नाही, मध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालायचा, हेही त्याला सांगून ठेवलं. आमच्याकडे पावसाळ्यात फोटो काचेला चिकटून बसतात आणि सोडवायला गेलं की चेहराच निघून येतो. त्यांच्याकडे हवा कोरडी, पण पावसाळ्याचे चार महिने कुठे चुकतात?

एक गोष्ट मात्र मला सुचली नव्हती, ती भाच्याची. त्यानं टेबलासमोर रस्त्याच्या बाजूला एक लांब बाकडं टाकलं, सोळा इंच उंच. मी म्हटलं, काउंटर कर, गिऱ्हाईक उभं राहील. तो म्हणाला, "बाजाराला आलेले लोक दहा-दहा कोस चालून आलेले असतात. ते बसतील. आणि बसल्यावर टेबलावरचा आपला फोटो त्यांना दिसला पाहिजे." आम्ही त्याच्या आईला बाकड्यावर बसवून पाहिलं. चौतीस इंचांच्या टेबलावर ठेवलेला फोटो तिला पूर्ण दिसत होता. चाळीस इंचांचं टेबल असतं तर नुसती कड दिसली असती.

ती म्हातारी आठवड्यानं परत आली असं त्यानं फोनवर सांगितलं. फ्रेम हातकरवतीनं आणि खाचांच्या पेटीनंच केली, सोनेरी पट्टीची. तिला सोनेरीच हवी होती. ती बाकड्यावर बसून शेवटपर्यंत बघत होती. कर्जातली उरलेली रक्कम मालात गेली, पायाचं यंत्र पुढच्या वर्षी घेऊ म्हणतो. दसऱ्यापर्यंत शेगावच्या गजानन महाराजांच्या आणि खंडव्याच्या धुनीवाले दादाजींच्या तसबिरी चांगल्या खपतात, चौदा एप्रिलच्या आधी बाबासाहेबांच्या. मध्येच एखादा शाळेचा बक्षीसपत्रवाला.

आता राहिला टेबलाखालचा फळीचा प्रश्न. तो अजून सुटलेला नाही. टेबलाखाली त्याला काचेसाठी उभे कप्पे हवेत (काच कधी आडवी ठेवू नये, उभी आणि किंचित कललेली ठेवावी), आणि उरलेल्या पट्ट्यांसाठी जागा. मी म्हणतो, एक कप्पा न नेलेल्या फोटोंसाठी सोड. प्रत्येक फ्रेमवाल्याकडे ते साठतात. लोक मढवायला टाकतात आणि येत नाहीत. पैसे नसतात, गाव सोडून जातात, कधी फोटो टाकणाराच जातो. बाबांनी दुकान बंद केलं तेव्हा असे एकेचाळीस फोटो निघाले. आमच्या माळ्यावर अजून आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, त्यात एक लग्नाचा आहे, नवरीच्या हातात मेणबत्ती. भाचा म्हणतो, मावसाजी, जागा कमी आहे, तीन महिने ठेवीन आणि मग पट्टी काढून घेईन. मी म्हटलं, पट्टी काढ, काच काढ, फोटो ठेव. नऊ इंचांचा कप्पा पुरतो. तो बघतो म्हणालाय.